न्यायालयाची पायरी आणि औषधाची पुडी

रहाटणीतील आमच्या चिकित्सालयात कारखान्यांतील कंत्राटी कामगार नित्य येतात. मध्यंतरी सांधेदुखीने त्रस्त असा एक रुग्ण आला. चेहरा सुजून वाटोळा, रक्तदाब वाढलेला आणि हातात नाव-गाव नसलेली चूर्णाची पुडी. ‘आयुर्वेदिकच आहे, डॉक्टर,’ एवढेच त्यास ठाऊक होते. लक्षणे स्टेरॉईडच्या दीर्घ सेवनाची वाटत होती. असे औषध एकाएकी बंद करणेही धोक्याचे, म्हणून त्यास रुग्णालयात पाठवावे लागले. आपण काय गिळतो आहोत हे विचारण्याचीही ज्याची ऐपत नाही, त्याहून दुर्बळ रुग्ण कोणता?

अशांना न्यायव्यवस्थेचा आधार आहे, हे खरे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध-खरेदी व अन्न-औषध प्रशासनातील सडलेपणा निर्भीडपणे उघड केला. तथापि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने बालके दगावली. चौकशी मृत्यूनंतर येते. औषध त्याआधीच पोटात गेलेले असते.

आपल्या शास्त्राच्या बाबतीतही अनुभव निराळा नाही. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी आवश्यक करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघाले आणि स्थगितीही संपली. न्यायालयाचे छत्र असे खटल्यापुरते असते. ते कायमचे घर मानून स्वस्थ बसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० हा स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास परवान्यातून सूट देतो. ही सूट म्हणजे कायद्याने आपल्यावर टाकलेला विश्वास होय. निनावी पुडी विकणारा याच विश्वासाच्या आडोशाला उभा राहतो आणि आपण मौन बाळगतो, तेव्हा त्यास आडोसा आपणच देतो.

म्हणून औषधालयचालक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व निर्मितीचा दिनांक नसलेले औषध दुकानात ठेवू नये आणि प्रत्येक विक्रीची पावती द्यावी. वैद्यांनी स्वतः दिलेल्या चूर्णावरही नाव, घटक व दिनांक लिहावा. संशयित दुष्परिणाम आयुष औषध-दक्षता केंद्रास कळवावा. यात व्यवसायाची बदनामी होईल, असे काहींना वाटते. आमच्या मते बदनामी लपविण्याने होते, कळविण्याने नव्हे.

तो कामगार न्यायालयाची पायरी कधी चढणार नाही. त्यासाठी त्याला दिवसाची मजुरी बुडवावी लागेल. तो चढतो ती आपल्या दवाखान्याची पायरी. त्याचा निवाडा तेथेच व्हावा.