हिरवी वीज, पण कुणाला विचारून?

केनियाच्या विजेबद्दल पहिल्यांदा वाचलं की आपण चाटच पडतो. तिथे तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ९० टक्के वीज कोळसा किंवा डिझेल न जाळता मिळते. रिफ्ट खोऱ्यातल्या ओल्कारियाला जमिनीत खोल बोअर मारून वाफ वर आणतात आणि तिच्यावर टर्बाइन फिरवतात. हे १९८१ पासून चालू आहे. ताना नदीवर एकाखाली एक धरणं आहेत. उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या आहेत, ३१० मेगावॉटच्या. आणि आपण? अजून बहुतांश कोळशावरच.

मग वाटतं, या देशाने बाजी मारली! थोडं थांबा. आधी दोन गोष्टी ऐका.

पहिली लामूची. हिंद महासागराच्या काठावरचं लामू हे जुनं स्वाहिली शहर. २००१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या जवळच १०५० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र येणार होतं. मच्छीमार आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी विरोध केला, प्रकरण राष्ट्रीय पर्यावरण न्यायाधिकरणाकडे गेलं. जून २०१९ मध्ये परवाना रद्द झाला. त्यामागचं एक मोठं कारण असं, की स्थानिक लोकांना नीट माहितीच दिली नव्हती आणि त्यांचं म्हणणंही नीट ऐकून घेतलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याच तुर्कानाच्या पवनचक्क्यांची. त्यांच्यासाठी घेतलेली सुमारे दीड लाख एकर जमीन ही पशुपालक समाजांची चराऊ जमीन. ते कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरूच्या कोर्टाने सांगितलं, की ही जमीन देताना कायद्याची प्रक्रिया पाळलेली नाही. तोवर पवनचक्क्या कधीच फिरायला लागल्या होत्या. त्यांची वीज चारशेहून जास्त किलोमीटरच्या लाइनवरून नैरोबीच्या बाजूला जाते.

एक प्रकल्प काळा, दुसरा हिरवा. चूक मात्र एकच. ज्यांची जमीन, त्यांना धड विचारलंच नाही. ओल्कारियातही विस्तारासाठी २०१४ मध्ये मसाई कुटुंबांना हलवलं गेलं आणि नव्या जागेच्या तक्रारी थेट कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेपर्यंत गेल्या.

आपल्या पिढीचा घोळ इथेच होतो. कोळसा म्हटलं की आपण लगेच विरोधाची पोस्ट टाकतो. पवनचक्की किंवा सोलर पॅनल दिसलं की लगेच हार्ट. हिरवं आहे ना, मग झालं! पण धूर नसला म्हणजे अन्याय नसतो, असं थोडंच आहे?

यावर काहीजण म्हणतील, ‘सगळ्यांना विचारत बसलं तर प्रकल्प होणार कधी? हवामान काय आपल्यासाठी थांबणार आहे?’ मुद्दा खरा आहे, घाई आहेच. पण न विचारल्याने वेळ वाचला का? लामूचा परवाना गेला आणि तुर्कानाचं भांडण चक्क्या उभ्या राहिल्यावरही कोर्टात चालू राहिलं. आधी गावात बसून बोलणं यापेक्षा नक्कीच स्वस्त पडलं असतं. आणि समजा नसतं पडलं, तरी विचारायलाच हवं होतं. चराऊ रान गेलं की पशुपालकाचं सगळंच जातं.

आपल्यालाही हे काही नवीन नाही. कोयनेच्या १९६० मेगावॉटचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडंही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसलेली आपण पाहिली आहेत. कोयनेच्या विजेलाही धूर नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या पठारावरच्या पवनचक्क्यांचं रील शेअर कराल, तेव्हा जरूर करा. फक्त कमेंटमध्ये दोन प्रश्न टाका. ही जमीन कुणाची होती? आणि इथली वीज त्यांच्या घरात पोचली का?