'रिकामा' चिखल म्हणे!

परवा कॅन्टीनमध्ये एक मित्र मालवणच्या स्कूबाचे फोटो दाखवत होता. मस्त होते. मग उरणचा विषय निघाला, तर हेच साहेब म्हणतात, "तिथे काय आहे रे, नुसता चिखल! रिकामी जागा." डोकं फिरलं. म्हणून हा लेख.

तर मंडळी, त्या चिखलात निवटी राहते. प्रवाळाजवळ बिळात कोळंबीच्या जोडीने राहणारे इटुकले गोबी मासे टीव्हीवर बघून आपण 'वॉव' करतो ना, निवटी त्यांच्याच गोतावळ्यातली. ती गाळात बीळ करते, ओहोटीला बाहेर येऊन चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते, ओल्या कातडीतून श्वास घेते. अंडी बिळातच. जपानमधल्या एका जातीचा नर तर तोंडात हवा भरून अंड्यांपर्यंत पोचवतो! असल्या घरावर मुरमाचा डंपर ओतला की खेळ खलास.

कायदा नाही असं नाही. 2011 आणि 2019, दोन्ही सीआरझेड अधिसूचनांत असा गाळ सगळ्यात संरक्षित वर्गात आहे. फक्त तो 'जैविकदृष्ट्या सक्रिय' हवा. इथेच गोम आहे. भरतीच्या वेळी पाहणी केलीत तर निवटी दिसणारच नाही, ती बिळात असते. झालं, जागा 'रिकामी'!

"बदल्यात कांदळवन लावू," हे ठरलेलं उत्तर. 2018 साली हायकोर्टाने कांदळवनं तोडायला बंदी केली, उत्तमच झालं. पण उघड्या गाळावरच झाडं लावलीत तर निवटीचं कुरण जातं त्याचं काय?

आणि माणसांचं? कोपरापर्यंत हात बिळात घालून निवट्या काढणाऱ्यांचं पोट याच गाळावर आहे. जेएनपीटीच्या विस्तारामुळे उरणच्या पारंपरिक मच्छीमारांचं नुकसान झालं म्हणून 2015 साली हरित लवादाने 1,630 कुटुंबांना 95.19 कोटींची भरपाई द्यायला सांगितलं. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. रिकाम्या जागेची भरपाई कोणी मागतं का हो?

आपल्या धंद्यात नवखा पोरगा समजत नाही तो कोड 'डेड' म्हणून उडवतो, आणि रात्री दोनला सर्व्हर झोपतो. तिथे निदान बॅकअप असतो. गाळाचा नसतो.

एखाद्या रविवारी ओहोटीची वेळ बघून उरणला जा. दहा मिनिटं गप्प उभे राहा. चिखल उड्या मारायला लागेल. मग बोलू.