गिअरबॉक्स उघडला, तर पुरता तपासा

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी पुण्यात हौशी मालक ती जपतात, सुट्या भागांसाठी नाना पेठ पालथी घालतात. काही कारागीर मात्र गिअरबॉक्स उघडून, आवाज करणारे बेअरिंग तेवढे बदलून तो बंद करतात. आम्ही कापडवाले ठाण पुरते उलगडल्याशिवाय माल घेत नाही. तोच दस्तूर इथेही हवा. दात्यांवर खड्डे पाहा. वरचा कठीण थर गेला की घासून उपयोग नाही. सिंक्रो रिंग कोनावर दाबून फट मोजा. फट उरली नसेल तर रिंग संपली. गिअर निसटत असेल तर फोर्कही तपासा. झिजलेला भाग मालकाच्या हाती द्या. बंधूंनो, दुबार मजुरीपेक्षा भरवसा मोठा.