‘त्यांच्यापेक्षा बरं’ म्हणजे कोणाचं बरं?

गेल्या महिन्यात वस्तीत बैठक होती. सार्वजनिक संडासाची दारं मोडलेली, दिवा नाही, रात्री मुली जायला धजत नाहीत. पालिकेला निवेदन द्यायचं ठरत होतं. तेवढ्यात मागे उभा असलेला एक कार्यकर्ता म्हणाला, “ताई, बांगलादेशातल्या बायकांचे हाल बघा. त्या मानाने आपलं पुष्कळ बरं आहे.” बायका गप्प झाल्या. निवेदन दिलं गेलं, पण त्यातला जोर गेला.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. म्हणून एकदा ही तुलना नीट करूनच बघू या.

२०११ मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न बांगलादेशाच्या जवळजवळ दुप्पट होतं. पण ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०१३ मध्ये आकडे मांडले, तेव्हा सरासरी आयुर्मान आपल्याकडे ६५ वर्षं आणि तिकडे ६९ होतं. हजार जन्मांमागे आपली ४७ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, त्यांची ३७. आणि ज्या संडासावरून आम्हाला गप्प बसवलं, त्याचं काय? २०११ च्या जनगणनेत आपली जवळपास निम्मी घरं उघड्यावर जात होती. तिकडे हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. २०१४ नंतर आपल्याकडे संडास बांधले गेले, हे खरं. पण दार आणि दिवा नसलेला संडास बाईच्या काय कामाचा?

गरीब देशाला हे जमलं कसं? त्यांनी बाईपर्यंत बाईच पाठवली. गावोगावच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक संस्थेने सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, जुलाबाने मूल जाऊ नये म्हणून. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन मिळू लागलं.

आता आपला आरसा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, तोही चळवळीच्या रेट्यामुळे. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. उत्पन्न वाढत होतं, मुली कमी होत होत्या. याला जीवनमान सुधारणं म्हणायचं?

याचा अर्थ तिकडे स्वर्ग आहे असा मुळीच नाही. तिथल्या निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. आपल्यापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, त्यांत बायकाच अधिक. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर चढवलं. तिथल्या बायकांनाही कोणीतरी सांगत असेलच, ‘अमक्या देशापेक्षा तुमचं बरं आहे.’

२०२५ च्या मानव विकास अहवालात दोन्ही देश एकाच, १३० व्या क्रमांकावर आहेत. पण क्रमांक देशाला मिळतो, बाईला नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत भारतात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषाची ९७. हे पाच तास राष्ट्रीय उत्पन्नात कुठेच धरले जात नाहीत.

तेव्हा देशांची तुलना जरूर करावी, पण मोजपट्टी आपली असावी. मुलगी जन्माला येते का, शिकते का, रात्री निर्धास्त संडासला जाते का, तिच्या हातात तिचा पैसा आणि तिचा वेळ राहतो का? शेजारणीचं दुःख दाखवून आपलं तोंड बंद करणाऱ्याला एवढंच विचारायचं: बरं आहे ते कोणाचं?

आमचं निवेदन आम्ही पुन्हा लिहिलं आहे. या वेळी खाली सह्या जास्त आहेत.