जनुकाचा अहवाल की कमरेची टेप?

'आमच्या घराण्यातच साखर आहे' हे वाक्य मधुमेहींच्या घरात नवे नाही. वजन घटवणारी टिर्झेपॅटाइडसारखी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आल्यापासून लठ्ठपणाची चर्चा वाढली आहे. लाळेच्या नमुन्यावरून 'जनुकानुसार आहार' सुचवणाऱ्या चाचण्याही विकल्या जात आहेत. अशा चाचण्यांत ज्याचा हमखास उल्लेख होतो, ते जनुक म्हणजे एफटीओ.

आरएनएवरील मिथाइल गट काढणारे एक विकर (एन्झाइम) या जनुकापासून बनते. ब्रिटिश संशोधक मधुमेहाची जनुके शोधत असताना २००७ मध्ये त्याचा लठ्ठपणाशी संबंध आढळला. जोखमीचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळालेले युरोपीय प्रौढ १६ टक्के होते. त्यांचे वजन हा प्रकार अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरले. वजनाचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा मधुमेहाशी असलेला थेट संबंध मात्र उरला नाही. म्हणजे जनुकाने वजन वाढते आणि वजनाने मधुमेह.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००९ मध्ये भारतीयांत हेच तपासले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. बीएमआय वजा करूनही मधुमेहाशी संबंध बऱ्याच अंशी टिकून राहिला. याचे एक संभाव्य कारण असे, की अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असते आणि ती बीएमआयमध्ये दिसत नाही.

२०१५ मध्ये आणखी एक उलगडा झाला. हा बदल विकराच्या रचनेत नाही; तो जवळच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांना जास्त कामाला लावतो. त्यामुळे चरबीच्या पेशी ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च करण्याऐवजी साठवतात.

मग चाचणी करून घ्यावी का? आठ चाचणी-अभ्यासांतील साडेनऊ हजारांवर लोकांच्या २०१६ मधील विश्लेषणात आहार, व्यायाम किंवा औषधांनी वजन घटण्यात एफटीओच्या प्रकाराने फरक पडला नाही. त्याआधी २०११ मध्ये, हालचाल करणाऱ्यांत या जनुकाचा लठ्ठपणावरील प्रभाव सुमारे २७ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले होते. म्हणजे या एका जनुकाचा अहवाल काहीही आला, तरी सल्ला तोच राहतो.

देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या घरच्यांसाठी शिंप्याची टेप अधिक उपयोगी आहे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे कमर गेली, की रक्तातील साखर तपासून घ्यावी.