पाळकबाई आणि त्यांचे घर

मराठीत ‘पाळकीणबाई’ म्हटले की अजूनही पाळकसाहेबांची पत्नीच डोळ्यांपुढे उभी राहते. ‘मास्तरीणबाई’ हा शब्दही एके काळी मास्तरांच्या पत्नीला लावीत. पुढे स्त्रिया स्वतः वर्गात उभ्या राहिल्या आणि शब्दाचा अर्थ पालटला. ख्रिस्ती मंडळीत मात्र हा पालट पुरता झालेला नाही. शब्द मागे राहिला, कारण व्यवस्थाही मागे राहिली आहे.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली आणि तिने पुढे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास मान्यता दिली. दक्षिण भारतीय मंडळीत तर 2013 मध्ये पुष्पा ललिता या नंद्याळच्या बिशप झाल्या. स्त्री पाळक होऊ शकते काय, हा प्रश्न या मंडळ्यांपुरता निकालात निघाला आहे. निकालात निघालेला नाही तो दुसरा प्रश्न : पाळक झालेल्या तरुण स्त्रीने संसार कसा करावयाचा?

चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या मुलखात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा ही नावे नकाशावर जवळ दिसतात. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला म्हणजे त्यांतील अंतर खरे कळते. ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात माणसे पहाटेच रानात जातात, म्हणजे भेटीगाठी संध्याकाळनंतरच्या. चंद्रपूरकडे वाघाच्या भीतीने संध्याकाळनंतर रस्ते ओस पडतात. अशा ठिकाणी रात्री कोणी आजाऱ्यासाठी प्रार्थनेला बोलावले, तर घरी तान्हे मूल असलेल्या पाळकबाईंनी काय करावे? गेल्या तर आई म्हणून उण्या, न गेल्या तर पाळक म्हणून उण्या.

या पेचाचे मूळ त्या बाईंच्या दुबळेपणात नाही. पाळकपद पूर्वीपासून एका गृहीतावर उभे आहे : पाळक पुरुष असेल आणि घर सांभाळणारी पत्नी त्याच्या पाठीशी असेल. आल्यागेल्याचा चहा, महिला मंडळ, रविवारशाळा, आजाऱ्याची पेज हे सारे ती विनावेतन करीत आली. रेव्हरंड टिळकांच्या परोपकाराचा भार घरात कोणी वाहिला, हे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना सांगावयास नको. आता पाळक स्त्री झाली, पण मंडळीची अपेक्षा तीच राहिली. प्रवचन तिनेच करावयाचे आणि उपासनेनंतरचा चहाही तिनेच करावयाचा. पुरुष पाळकाला जी पत्नी लाभे, ती या पाळकबाईंना कोठून मिळणार?

‘सेवा म्हणजे नोकरी नव्हे, ज्याला त्याग जमत नाही त्याने या वाटेस जाऊ नये,’ असे यावर म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. घड्याळ पाहून मरणाऱ्याजवळ बसता येत नाही. परंतु त्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. पाळकबाईंच्या मुलाने किंवा पतीने तो परस्पर केलेला आहे असे मंडळीने धरून चालणे योग्य नव्हे. याच जिल्ह्यातील हेमलकशाचा दाखला अनेकदा दिला जातो. 1973 पासून आमटे दांपत्याने तेथे सेवाही केली आणि मुलेही वाढविली, हे खरेच. पण तेथे पती-पत्नी एकाच कामात, एकाच जागी होती. पाळकबाईंचे पती नागपुरात कारकून आणि त्यांची नेमणूक आलापल्लीच्या पलीकडे, अशी स्थिती असेल तर हा दाखला त्यांना धीर देत नाही, लाजवितो मात्र.

बल्लारपूर हे केंद्र असलेल्या कॅथलिक चांदा धर्मप्रांतातील धर्मभगिनी व्रतस्थ असतात आणि मठातील भगिनींच्या सोबतीने राहतात. पाळकबाईंना मठाची सोबत नाही आणि संसाराची सवलतही नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा विचार होतो. तो मंडळीनेही करावा. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा आली. पाळक हा नोकर की सेवक, हा वाद वकिलांनी घालीत बसावा. धर्मप्रांताने तेवढी रजा आपण होऊन लेखी द्यावी आणि त्या काळात उपासना कोण चालवील हेही ठरवावे. रविवार हा सर्वांचा विसाव्याचा, पण पाळकाचा कामाचा दिवस. म्हणून आठवड्यातील दुसरा एक दिवस त्यांचा स्वतःचा असावा आणि त्या दिवशी दार वाजवू नये. रात्रीच्या भेटीस मंडळीतील दोघांनी सोबत जावे. साध्या प्रार्थनासभा वडीलमंडळींनी चालवाव्यात.

यात धर्माविरुद्ध काही नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने, असे केल्यास तू झिजून जाशील, कामे वाटून दे, असे बजावले होते, आणि मोशेने ते ऐकले. तो सल्ला बाहेरच्या कोणा सुधारकाचा नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्याचा होता.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाईंनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावरून हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली होती. आज स्त्रीला वेदीपाशी उभे राहू दिले जाते. तेवढ्याने मंडळीचे कर्तव्य संपत नाही. उपासना आटोपून त्या घरी परततात तेव्हा घरची चूल पेटलेली असेल काय आणि मूल जागे असेल काय, याचीही काळजी ज्या दिवशी मंडळी वाहील, त्या दिवशी ‘पाळकीणबाई’ या शब्दाचा अर्थ आपोआप पालटेल.