नोकरीचें बक्षीस : मालकाला कीं मजुराला?

पेरलें किती यावरून सुगी मोजणारा शेतकरी आम्हीं अजून पाहिला नाहीं. रास खळ्यावर पडते, ती मापानें मोजली जाते, बियाण्याचें देणें वजा होतें आणि मग जें उरेल तें पीक. सरकारदरबारीं मात्र हिशेबाची रीत उलटी आहे. तेथें बियाणें वांटलें कीं सुगी झाली! अमुक कोटी मंजूर, अमुक लाख तरुणांची नोंद, कीं झाली रोजगारनिर्मिति! खळ्यावर दाणे किती पडले हें पाहावयास कोणी जात नाहीं. आमच्या धाराशिव जिल्ह्याला हा उलटा हिशेब परवडणारा नाहीं, म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

केंद्र सरकारनें जुलै २०२५ मध्यें ९९,४४६ कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांना तिनें उत्तेजन द्यावयाचें असा संकल्प आहे. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्यास एका महिन्याचा पगार, तोहि १५ हजारांच्या आंत, दोन हप्त्यांनीं. आणि मालकाला दर वाढीव माणसामागें महिना ३ हजारांपर्यंत, दोन वर्षें. कारखानदारी असेल तर चार वर्षें. माणूस सहा महिने टिकला पाहिजे आणि पूर्वीच्या संख्येहून माणसें वाढलीं पाहिजेत, अशा अटी आहेत. अटी चांगल्या आहेत, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. पण खरा प्रश्न त्यांच्याहि पलीकडचा आहे. हा पैसा दिला नसता तर तो माणूस कामावर लागलाच नसता काय?

हिशेब करून पाहूं. दहा ते वीस हजार पगाराच्या माणसामागें मालकाला महिना २ हजार, म्हणजे दोन वर्षांत ४८ हजार रुपये मिळतात. समजा, एका कारखान्याने १०० माणसें वाढविलीं. मालाला मागणी होती, म्हणून त्यांपैकीं ८० माणसें त्यानें तशींहि घेतलींच असतीं. सरकारचे ४८ लाख गेले आणि त्यामुळें खरोखर वाढलीं तीं माणसें २०. म्हणजे एका खऱ्या नोकरीला २ लाख ४० हजार रुपये पडले. कागदावर मात्र ‘१०० नोकऱ्या, दर नोकरीस ४८ हजार’ असेंच लिहिलें जाणार. वीस हा आंकडा आम्हीं उगाच ओढूनताणून घेतलेला नाहीं. कारखाना कोठें काढावा या बाबतींत अमेरिकेंतील राज्यें ज्या सवलती देतात, त्यांवरचे अनेक अभ्यास टिमोथी बार्टिक या अर्थशास्त्रज्ञानें २०१८ सालीं पडताळून पाहिले. शंभरांपैकीं २ ते २५ निर्णयच सवलतीमुळें फिरले, बाकीचे आपल्या कारणांनीं तेथेंच येणार होते, असा त्यानें निष्कर्ष काढला.

आतां घरचा अनुभव पाहा. कारखाने मुंबई-पुण्याबाहेर जावेत म्हणून महाराष्ट्र सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू झाली. मराठवाड्याला तींत पुण्या-ठाण्याहून अधिक सवलत असते. पण इतक्या वर्षांनंतर, २०१८ सालीं, केंद्रानें मागासलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ हें गोड नांव देऊन जी यादी केली, तींत महाराष्ट्राचे चारच जिल्हे होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आमचा धाराशिव. जिल्ह्यांत कारखाने मुळींच आले नाहींत असें नाहीं. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीस रसायनांचा मोठा कारखाना आहे. पण तामलवाडी म्हणजे सोलापूरचें दारच! जिल्हा आमचा, आणि बाजार, रेल्वे, गोदाम सोलापूरचें. सवलतीनें कारखाना आला कीं सोलापूरच्या शेजारानें, हें ठरवावयाचें असेल तर तशीच सवलत असलेल्या भूम आणि परंडा तालुक्यांकडे पाहावें. तेथील तरुण आजहि पुण्याचीच वाट धरतो.

दुसऱ्या बाजूचा पुरावाहि सांगितला पाहिजे. २००३ सालीं केंद्रानें उत्तराखंड आणि हिमाचल या राज्यांस करमाफी दिली. त्यामुळें तेथें कारखाने आणि कामगार पुष्कळ वाढले, असें पुढील अभ्यासांत दिसून आलें. तेव्हां सवलत सर्वथा फुकट जाते, असें आमचें म्हणणें नाहीं. पण उत्तराखंडांत कारखाने आले कोठें? हरिद्वारला आणि रुद्रपूर-पंतनगरच्या सपाटीवर. जेथें रस्ता, वीज, पाणी आणि दिल्लीची बाजारपेठ हाताशीं होती. डोंगरांतील गांवें रिकामीं होतच राहिलीं. अनुदान हें खतासारखें आहे. ओलीच्या शेतांत टाकलें तर पीक तरारतें; कोरड्या रानांत टाकलें तर असलेलें पीकहि जळतें. आमच्या जिल्ह्याचें दुखणें ओलीचें आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे आणि कृष्णेचें पाणी यांची वाट पाहण्यांत येथील एक पिढी म्हातारी झाली.

आणखी एक गोष्ट. राज्याची ही सवलत मुख्यतः भांडवलाच्या प्रमाणांत मिळते. यंत्रें जितकीं महाग, तितकी सवलत मोठी. मग मालक माणसें कशास घेईल? तो यंत्रेंच घेईल! ‘८० टक्के स्थानिक’ अशी अट आहे म्हणावें, तर महाराष्ट्रांत १५ वर्षें राहिलेला तो स्थानिक, अशी तिची व्याख्या. गांवाची जमीन जावी आणि गांवच्या पोराला फाटकावरून परत पाठवावें, तरी अट मोडत नाहीं.

ब्रिटनमध्यें मागास प्रदेशांतील कारखान्यांना सरकार जी मदत देत असे, तिचा एक मोठा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. लहान कारखान्यांत त्या मदतीनें माणसें खरोखर वाढलीं. मोठ्यांनीं पैसा घेतला आणि माणसें होतीं तितकींच ठेविलीं. हा धडा आमच्या जिल्ह्यास तंतोतंत लागू आहे. भूमचा खवा आणि उस्मानाबादी शेळी यांचें नांव दूरवर आहे. पण केंद्राचें बक्षीस भविष्यनिर्वाह निधीच्या वहींतून वाहतें, आणि त्या कायद्याची सक्ती साधारणपणें २० कामगारांपासून सुरू होते. खव्याच्या भट्टीवर राबतात चारपांच माणसें. तिचा मालक त्या वहींत कोठून असणार? मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारें जोडपें तरी त्या वहींत कोठें आहे? उलट वर्षानुवर्षें वहीबाहेर राबविलेल्या कामगाराचें नांव कोणी आज वहींत घातलें, तर तो ‘नवी नोकरी’ म्हणून मोजला जाण्याची भीति आहे. नोंद झाली हें बरेंच झालें. पण तिला नवी नोकरी म्हणूं नये.

राज्य सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. शिक्षणाप्रमाणें महिना ६, ८ किंवा १० हजार, सहा महिने. पुढें आणखी पांच महिने मुदत वाढविली. मुदत सरतांच ‘आतां कायम करा’ म्हणून याच तरुणांना आंदोलनें करावीं लागलीं. पैसा थांबला कीं काम थांबतें, तेथें नोकरी निर्माण झाली असें कसें म्हणावें?

ज्या महाराष्ट्रानें १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमीची वाट काढली, त्याला हा हिशेब जमूं नये याचें आम्हांस नवल वाटतें. वि. स. पागे यांच्या खटपटीनें ती योजना उभी राहिली, कायदा १९७७ सालीं झाला. मजुरानें काम मागावें, पंधरा दिवसांत तें मिळावें, न मिळालें तर भत्ता द्यावा, असा तो बोल होता. हजेरीपटांत खोटीं नांवेंहि घुसलीं, ती लबाडी आम्ही लपवीत नाहीं. पण पट होता, म्हणून लबाडी पकडतां आली, आणि मागें पाझर तलाव आणि रस्ते उरले. मालकाला दिलेल्या बक्षिसाचा असा पट गांवाला कोण दाखवितो?

म्हणून आमच्या मागण्या थोडक्या आहेत. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याचें नांव, मिळालेली रक्कम आणि कामगारांची संख्या तालुकावार प्रसिद्ध व्हावी. बक्षिसाचा मोठा हप्ता, बक्षिसाची मुदत संपून वर्ष लोटल्यावरहि माणूस कामावर असेल तरच मिळावा. सवलत असलेला तालुका आणि सीमेपलीकडचा नसलेला तालुका यांची तुलना सरकारबाहेरच्या माणसांकडून व्हावी. लहान धंद्यांना वाटा राखून ठेवावा. आणि जेथें पाणी, रस्ता व वीजच नाहीं, तेथें बक्षिसाचा पैसा आधीं त्यांवर खर्च करावा.

शेतकरी बंधूंनो, हा पैसा कोणाच्या घरचा नाहीं. तुम्ही काड्यापेटी घेतां तेव्हांहि त्यांत तुमचा कर जातो. पुढच्या वेळीं कोणी मोठे साहेब गांवीं येऊन कोटींचे आंकडे सांगूं लागले, तर हात जोडून एवढेंच विचारा : साहेब, यांतल्या नोकऱ्या आमच्या तालुक्यांत किती? तुमच्या पैशाशिवाय ज्या झाल्याच नसत्या अशा किती? आणि पैसा थांबल्यावर उरल्या किती?